धंदा बदलला, पण मृत्युपत्र जुनंच राहिलं?



व्हिडिओत आपण मृत्युपत्र कसं करायचं ते थोडक्यात पाहिलं. वय अठरा पूर्ण, डोकं ठिकाणावर, साधा कागदही चालतो, स्टॅम्प ड्युटी लागत नाही, सही करायची आणि दोन साक्षीदारांनीही तुमच्यासमोर सह्या करायच्या. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. एवढं तर अनेकांना माहीत असतं. पण खरा घोळ होतो तो पुढे. लोक एकदा मृत्युपत्र करतात, कपाटात ठेवतात आणि सुटलो म्हणतात. नोकरदाराचं एक वेळ चालून जाईल. त्याचं घर, पीएफ आणि एफडी वर्षानुवर्षं तशीच असते. धंदेवाल्याचं तसं नाही. आज भाड्याचा गाळा, उद्या स्वतःचा, परवा भागीदार, नंतर कंपनी. धंदा पुढे जातो आणि कागद मागे राहतो. आज यावरच बोलू.

आधी एक उदाहरण घेऊ. हे मी समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण यातला कायदा खरा आहे.

समजा, एक भाऊ आहेत. फॅब्रिकेशनचा धंदा, एकट्याच्या मालकीचा. 2014 साली त्यांनी मृत्युपत्र केलं: "राहतं घर पत्नीला. गाळा नंबर 7 आणि माझा फॅब्रिकेशनचा धंदा यंत्रांसह धाकट्या मुलाला, कारण तोच माझ्यासोबत राबतो. अमुक बँकेतली एफडी मुलीला. मोठ्या मुलाच्या शिक्षणावर मी खर्च केलेला आहे." नोंदणीही केली. अगदी चोख काम.

मग धंदा वाढला. 2019 मध्ये सीएने सांगितलं म्हणून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. भाऊंकडे 70 टक्के शेअर्स, धाकट्याकडे 30. गाळा नंबर 7 विकला, एफडी मोडली आणि कंपनीच्या नावाने मोठी शेड आणि नवीन मशीन घेतलं. मृत्युपत्र मात्र कपाटातच. 2024 मध्ये भाऊ गेले. मागे पत्नी, दोन मुलं, मुलगी आणि भाऊंची म्हातारी आई.

आता काय होतं बघा. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 च्या कलम 152 प्रमाणे, एखादी ठरावीक वस्तू तुम्ही कोणाला दिलीत आणि मरतेवेळी ती वस्तू तुमची नसेल, किंवा तिचं रूपांतर वेगळ्याच प्रकारच्या मालमत्तेत झालेलं असेल, तर ते देणं संपतं. गाळा विकला, म्हणजे धाकट्याचा गाळा गेला. विकलेल्या पैशातून शेड घेतली म्हणून ती शेड त्याला मिळत नाही, कारण ती तर भाऊंच्या नावावर नाहीच, कंपनीच्या नावावर आहे. एफडी मोडली, मुलीचा विषय संपला. आणि "माझा धंदा"? तो आता कंपनीचा आहे, भाऊंकडे फक्त शेअर्स होते. "धंदा म्हणजे हे शेअर्सच" असा युक्तिवाद धाकट्याचा वकील करेल, दुसऱ्या बाजूचा वकील तो खोडून काढेल, आणि तोवर वर्षं जातील.

तो युक्तिवाद टिकला नाही तर शेअर्सबद्दल मृत्युपत्रात काहीच नाही असं धरलं जाईल. मग हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 लागू होतो. पहिल्या वर्गातले वारस पाच: पत्नी, दोन मुलगे, मुलगी आणि आई. सगळ्यांना समान. 70 टक्क्यांचे पाच भाग म्हणजे प्रत्येकी 14. धाकट्याचे स्वतःचे 30 अधिक 14, एकूण 44 टक्के. बाकीच्यांचे मिळून 56. कंपनीत संचालकाला काढायला साधा ठराव पुरतो, म्हणजे झालेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त. बाप म्हणत होता धंदा याचा, आणि प्रत्यक्षात त्याच्याच धंद्यातून त्याला घरचेच बाहेर काढू शकतात. काढतीलच असं नाही. पण दार उघडं राहिलं ना!

यात भाऊंनी कुठे फसवणूक केली नाही, की आळस म्हणावा असंही काही नाही. सीए कंपनीचं काम बघत होता, बँकवाला कर्जाचं. मृत्युपत्र कोणाच्याच यादीत नव्हतं.

म्हणून माझा एक ठोकताळा लक्षात ठेवा. धंद्याला नवीन पॅन मिळाला की मृत्युपत्र बाहेर काढायचं. एकल मालकीत तुमचा पॅन आणि धंद्याचा पॅन एकच असतो. भागीदारी, एलएलपी किंवा कंपनी झाली की नवा पॅन येतो. नवा पॅन म्हणजे कायद्याच्या नजरेत मालकीची वस्तूच बदलली.

शब्द असे लिहा की थोडा बदल झाला तरी कागद टिकेल

दर छोट्या बदलाला वकिलाकडे धावायला लागू नये, म्हणून मुळात लिहितानाच थोडी मोकळीक ठेवता येते. "गाळा नंबर 7" एवढंच लिहू नका. "गाळा नंबर 7, किंवा त्याऐवजी माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या नावावर असलेली धंद्याची जागा" असं लिहा. "माझा धंदा" याऐवजी "माझा धंदा ज्या कोणत्या स्वरूपात असेल त्या स्वरूपात, म्हणजे एकल मालकी, भागीदारी किंवा एलएलपीतला हिस्सा, अथवा कंपनीचे शेअर्स" असं लिहा. आणि शेवटी एक वाक्य हवंच हवं: "याखेरीज माझी जी काही मालमत्ता त्या वेळी असेल ती सर्व अमुक व्यक्तीला." हे उरलेल्या मालमत्तेचं कलम नसेल, तर नंतर घेतलेली प्रत्येक गोष्ट मृत्युपत्राच्या बाहेर पडते. मराठीत लिहिलेली घरगुती मृत्युपत्रं बघितली तर नेमकं हेच वाक्य गायब असतं.

पर्यायी नावही द्या. ज्याला दिलं तो तुमच्या आधी गेला तर सर्वसाधारणपणे ते देणं रद्द होतं. तुमचं स्वतःचं मूल असेल आणि त्याला मुलंबाळं असतील तर कायदा नातवंडांकडे ते वळवतो, तुम्ही वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. पण भाचा, भाऊ, मित्र, जुना मॅनेजर, यांच्या बाबतीत तशी सोय नाही.

पागडीच्या दुकानाबद्दल एक सावधगिरी. मुंबई-पुण्यात अनेकांचा धंदा पागडीच्या जागेत आहे. ती तुमची मालकी नाही, भाडेकरूचा हक्क आहे, आणि हा हक्क मृत्युपत्राने वाटता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. तो भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे जातो. त्यामुळे "पागडीचं दुकान थोरल्याला" असं लिहून निर्धास्त होऊ नका.

"सर, माझ्याकडे आहेच काय?"

नवीन धंदा सुरू करणारे हे हमखास विचारतात. वय 28, एक टेम्पो, एक डीप फ्रीझर, थोडी उधारी येणं, थोडं देणं. याचं काय मृत्युपत्र करायचं?

चला, असं बघू. नवरा-बायको दोघं मिळून पोळी-भाजी केंद्र चालवतात. पहाटे चारला ती उठते, पण दुकान, सामान, करंट अकाउंट सगळं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. मूलबाळ नाही. नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर बायकोला सगळं मिळत नाही. अर्धं तिला, अर्धं सासूला. सासू चांगली असेल, काही बोलणारही नाही. पण पुढे सासू गेली की तिचा अर्धा भाग तिच्या बाकीच्या मुलामुलींकडे जातो, या सुनेकडे नाही. म्हणजे दीर आणि नणंदा त्या केंद्राचे वाटेकरी. एका पानाच्या मृत्युपत्राने हे टळतं.

अविवाहित मुलाचं आणखी वेगळं. वडिलांनी पीएफ काढून मुलाच्या धंद्यात घातला. मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर सगळं आईला मिळतं. वडील पहिल्या वर्गाच्या वारसांत येतच नाहीत. घरात एकोपा असेल तर फरक पडत नाही. आईवडील वेगळे राहत असतील तर खूप पडतो.

आणि ताईंनो, हा परिच्छेद खास तुमच्यासाठी. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वतः कमावलेली मालमत्ता आधी मुलं आणि नवरा यांना जाते. हे कोणी नसेल तर? तिच्या आईवडिलांना नाही, तर नवऱ्याच्या वारसांना. सर्वोच्च न्यायालयाचा 2009 चा एक निकाल आहे. लग्नानंतर तीन महिन्यांतच नवरा सर्पदंशाने गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, पैसा साठवला. 1996 मध्ये ती गेली, मृत्युपत्र नव्हतं. तिच्या आईने दावा केला. पैसा मिळाला तिच्या नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. कायद्याची भाषा स्पष्ट आहे, सहानुभूतीने ती बदलता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. माझ्या मते एकट्याने धंदा उभा करणाऱ्या प्रत्येक स्त्रीने उद्यम नोंदणीच्या आठवड्यातच मृत्युपत्र करावं. विवाहित असो, विधवा असो, घटस्फोटित असो.

नॉमिनी लावलाय की!

हे उत्तर ऐकलं की समजायचं, इथे गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस. मालक कोण, ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर्सच्या बाबतीत बरीच वर्षं संभ्रम होता. तो 14 डिसेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने मिटवला, आणि ते प्रकरण आपल्या मराठी माणसाला जवळचं आहे. 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकर यांच्या मालमत्तेचं. त्यांनी 2011 मध्ये मृत्युपत्र केलं होतं, काही गुंतवणुकींना नॉमिनी लावलेले होते, 2013 मध्ये ते गेले. नॉमिनी मालक होतो का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून थेट दिल्लीपर्यंत गेला. उत्तर आलं: नाही होत. जाणे ते उत्तर, पण ते मिळायला दहा वर्षं लागली, हेही लक्षात घ्या.

त्यामुळे मृत्युपत्र बदललं की नॉमिनीही तपासायचे. दोन्हीकडे वेगवेगळी नावं म्हणजे भांडणाला आमंत्रण. बँक ठेवींना 1 नोव्हेंबर 2025 पासून चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि टक्केवारीही ठरवता येते, तेव्हा मृत्युपत्रातल्या वाटपाशी जुळवून घेणं आता सोपं आहे. विम्याचा नियम थोडा निराळा आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांचा हक्क नुसत्या ताब्यापुरता नाही. म्हणून लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर अजून कोणाचं नाव आहे ते आजच बघा.

एकट्याची कंपनी, म्हणजे ओपीसी, काढली असेल तर तिथला नॉमिनी वेगळाच. मालक गेल्यावर तोच कंपनीचा सदस्य होतो. कंपनी काढताना घाईत मित्राचं नाव टाकलेलं असतं आणि नंतर त्या मित्राशी बोलणंही नसतं. हे नाव बदलता येतं. बदला.

भागीदारी असेल तर आधी डीड वाचा

भागीदारी कायदा 1932 सांगतो की करारात वेगळं काही नसेल तर एक भागीदार गेला की फर्म विसर्जित होते. दोघांचीच भागीदारी असेल तर करारात काहीही लिहा, एकटा माणूस भागीदारी चालवू शकत नाही. तुम्ही मृत्युपत्रात "माझ्या जागी माझी मुलगी भागीदार होईल" असं लिहिलंत तरी दुसऱ्या भागीदारावर ते बंधनकारक नाही. तिला मिळतो तो तुमच्या हिश्श्याचा पैसा. हिशेब मिटवला नाही आणि बाकीचे धंदा चालवत राहिले, तर त्या हिश्श्यावरचा नफा किंवा वर्षाला 6 टक्के व्याज, यातलं एक तिला निवडता येतं.

म्हणून हिश्श्याची किंमत कशी काढायची, किती हप्त्यांत द्यायची, वारसाला घ्यायचं की नाही, हे डीडमध्येच लिहिलेलं हवं. मृत्युपत्र त्याला धरून. उलटं करून चालत नाही. दोन मित्र भागीदारी करताना हा विषय काढायला लाजतात. चहा पिताना काढा, पण काढा.

बदल कसा करायचा

मृत्युपत्र तुम्ही कितीही वेळा बदलू शकता. नोंदणी केलेलं असलं तरी. नंतर केलेलं, योग्य रीतीने सह्या झालेलं साधं कागदाचं मृत्युपत्रसुद्धा आधीच्या नोंदणीकृताला मागे टाकतं. तरी आधीचं नोंदवलेलं असेल तर नवीनही नोंदवा, नाहीतर "खरं कुठलं" यावरून वाद होतो.

जुन्या कागदावर पेनने खोडाखोड, व्हाइटनर, समासात "हे रद्द" असं लिहिणं, यातलं काही चालत नाही. त्या बदलाजवळ तुमची आणि साक्षीदारांची रीतसर सही नसेल तर बदल धरलाच जात नाही. लहान बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र करता येतं, वकील त्याला कोडिसिल म्हणतात. त्यालाही दोन साक्षीदार लागतात. पण खरं सांगू? व्यवस्थापकाचं नाव बदलायचं असेल एवढ्यापुरतं ठीक. मालमत्तेचा बदल असेल तर सरळ नवीन करा. एक मूळ कागद आणि तीन पुरवण्या एकत्र वाचताना भले भले गोंधळतात.

नवीन करताना एक सापळा आहे. "यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत" हे वाक्य आपण टाकतो, टाकायलाच हवं. पण नवीन कागदात फक्त नव्या दुकानाबद्दल लिहिलं आणि घराचा उल्लेख राहिला, तर जुन्यातली घराची तरतूदही रद्द झाली. घर पुन्हा सगळ्या वारसांत वाटलं जाणार. नवीन म्हणजे पूर्ण नवीन, सगळ्या मालमत्तेसह.

साक्षीदार तरुण घ्या. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायची वेळ आली तर हयात असलेल्या किमान एका साक्षीदाराला बोलवावं लागतं. सत्तरीतले दोन मामा साक्षीदार असतील आणि दोघेही गेले, तर सह्या ओळखून सिद्ध करायची लांबची वाट धरावी लागते. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. व्यवस्थापक गेला, परदेशी स्थायिक झाला, किंवा त्याच्याशी बिनसलं, तरी नवीन नाव घालायचं.

घरातल्या बदलांचं काय? मूल झालं, कोणी गेलं, की कागद बघायचाच. हिंदूंचं मृत्युपत्र लग्नामुळे रद्द होत नाही, म्हणजे लग्नाआधी सगळं भावाला दिलेलं असेल तर बायको आल्यावरही तेच चालू राहतं! ख्रिस्ती आणि पारशी मंडळींचं उलट, लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द. घटस्फोटाने मात्र जोडीदाराचं नाव आपोआप गळत नाही, ते तुम्हालाच काढावं लागतं. मुस्लिम उद्योजकांना वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यातल्या मित्रांचा कायदाच निराळा आहे, तिथे मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी निम्मा वाटा राखीव असतो, तेव्हा महाराष्ट्रातला नमुना तिथे चिकटवू नका.

एवढे बदल लक्षात ठेवायचे तर वर्षातला एक दिवस ठरवा. आपल्याकडे दिवाळीत वहीपूजन होतंच. नवी वही उघडायच्या आधी दहा मिनिटं मृत्युपत्र वाचा आणि तीनच गोष्टी बघा: यात लिहिलेली वस्तू अजून माझ्या नावावर आहे का, यात लिहिलेला माणूस अजून तोच आहे का, आणि यावर्षी नवीन घेतलेलं यात बसतं का. एकाचं जरी उत्तर "नाही" आलं तरी वकिलाला फोन करा. गुंतागुंतीची मालमत्ता असेल तर घरगुती मसुद्यावर विसंबू नका.

मृत्युपत्रात न मावणारी वही

एकल मालकीत मालक गेला की करंट अकाउंट थांबतं, जीएसटी नंबर त्याच्यासोबतच संपतो. वारसाला स्वतःची नवी नोंदणी घ्यावी लागते. शिल्लक इनपुट क्रेडिट आयटीसी-02 फॉर्म भरून नव्या नंबरवर नेता येतं, पण त्यासाठी ते आहे हे कोणाला तरी माहीत हवं. खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर एफएसएसएआयचं लायसन्स वारसांसाठी 90 दिवस चालू राहतं, तेवढ्यात अर्ज करायचा.

हे सगळं करायला माहिती लागते, आणि ती मृत्युपत्रात लिहायची नसते. त्यासाठी वेगळी वही ठेवा. उधारी कोणाकडे किती, कोणाचा चेक आपल्याकडे आहे, कोणत्या कर्जाला कोण जामीन आहे, आपण कोणाला जामीन राहिलोय, गाळ्याचं डिपॉझिट किती, सीएचा नंबर, जीएसटी पोर्टलला कोणता मोबाइल जोडलाय. ही वही दर महिन्याला बदलते, तिला साक्षीदार लागत नाहीत. पासवर्ड दोन्हीत लिहू नका, ते कुठे ठेवलेत एवढंच घरच्या एका माणसाला सांगा.

वारसाला तुमचं कर्ज स्वतःच्या खिशातून फेडावं लागत नाही, त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच जबाबदारी असते. पण बायको किंवा मुलगा त्याच कर्जाला जामीन असेल तर हा नियम उपयोगाचा नाही, त्यांची जबाबदारी त्यांच्या सहीमुळे आलेली असते. म्हणून जामिनाचं पान वहीत सगळ्यात पुढे ठेवा.

नवीन मृत्युपत्र झालं की जुनं मूळ आणि त्याच्या झेरॉक्स फाडून टाका, मोबाइलमधले फोटोसुद्धा काढा. नवीन कुठे ठेवलंय ते व्यवस्थापकाला सांगा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकर जोडनावावर आहे ना, ते आधी बघा. नाहीतर लॉकर उघडायला मृत्युपत्र मागतील आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये असेल.